प्रीमियर पद्मिनीचे मागचे पाटे: ठोकून घ्यावेत की नवे घालावेत?

प्रश्न (चिपळूण)

माझ्या वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही आमच्या दारात उभी आहे आणि आठवड्यातून दोनतीनदा रस्त्यावर निघते. गेल्या पावसाळ्यानंतर ती मागून उजवीकडे कलू लागली. सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा डावीकडच्यापेक्षा उजवीकडे ते साडेतीन सेंटिमीटर कमी भरले. मागे दोन माणसे बसली की प्रत्येक खड्ड्यात खालून दणका बसतो आणि गतिरोधकावर गंजलेल्या बिजागरीसारखी कुरकुर ऐकू येते.

खाली शिरून पाहिले, तर उजव्या पाट्यांच्या (गाडीचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या) फटींतून तांबूस भुगा गळत होता आणि शॅकलच्या (पाट्याचे मागचे टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) बुशाचे, म्हणजे बोल्टभोवतीच्या नळीचे, रबर एका बाजूने फाटून बाहेर आले होते. हे बुश दीड वर्षापूर्वीच बदलून घेतले होते. आमचे मिस्त्री म्हणतात की पाटे भट्टीत तापवून पुन्हा कमान द्यावी आणि जोडीला एक जादा पाटा घालावा. तसे करणे योग्य ठरेल का? शक्य असल्यास हे काम मी आणि धाकटा भाऊ मिळून घरीच करणार आहोत.

उत्तर १ (कोल्हापूर)

पाटे उतरवण्याआधी कल नेमका कुठून येतो आहे, याची खात्री करून घ्या, कारण पुढची एखादी कॉइल स्प्रिंग बसली असली तरी गाडी मागून कललेली दिसू शकते. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर जॅक लावून गाडी थोडी उचला. मागचा कल तसाच राहिला तर दोष मागच्या पाट्यांत आहे, आणि नाहीसा झाला तर पुढे पाहावे लागेल. वर्षानुवर्षे चालक एकटाच बसत असल्यामुळे उजवी बाजू आधी बसणे हे मात्र स्वाभाविक आहे.

भट्टीत तापवण्याचा सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाट्याचे पोलाद लाल तापवून तेलात विझवलेले असते आणि त्यानंतर साधारण साडेचारशे ते पाचशे अंशांवर पुन्हा तापवून त्याला लवचीकपणा दिलेला असतो. ते नुसते लाल करून वाकवले आणि हवेत गार होऊ दिले, तर त्याचे पाणी उतरते, म्हणजे लवचीकपणा जातो. कमान त्या दिवशी सुंदर दिसते, परंतु थोड्याच दिवसांत पाटा पुन्हा सपाट होतो. थंड स्थितीत घणाने ठोकून दिलेली कमान त्यापेक्षा बरी, तरी थकलेल्या पोलादाला ती फार काळ धरवत नाही.

जादा पाट्याविषयी थोडा हिशेब सांगतो. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि त्यांत सहावा घातला, तर कडकपणा साधारण एक पंचमांशाने वाढतो. जाडीचा परिणाम याहून कितीतरी मोठा असतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो आणि पाटा केवळ दहा टक्के जाड घेतला तरी तो एक तृतीयांशाने अधिक कडक होतो. आता पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही. पाट्याचे हँगर (टोके धरणारे कंस) बॉडीच्या पत्र्यालाच जोडलेले आहेत आणि वाढलेला प्रत्येक धक्का त्या पत्र्यावर जातो. कोकणच्या दमट हवेत तो आतून कुजलेला असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून पुढच्या हँगरभोवतीचा रंग खरवडून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेले, तर पाट्यांचा विचार बाजूला ठेवून आधी पत्रा कापून नवा जोडून घ्यावा लागेल.

उत्तर २ (पुणे)

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. नवे पाटे दोन्ही बाजूंचे एकदमच घाला. एकच बदलला तर गाडी आता दुसरीकडे कलेल. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर कुर्ल्यात तयार जोडी सहज मिळत असे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या रस्त्यावरून गेल्या आणि आता शोधाशोध करावी लागते. मी पाटे बनवणाऱ्याकडून नव्या पोलादाचे करून घेतले. नमुना म्हणून नुसता जुना पाटा देऊ नका, कारण तुमचा डावाही काही प्रमाणात बसलेलाच असणार. रुंदी, जाडी आणि डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची (टोकांच्या गोल भोकांमधली) लांबी त्यावरून घ्यावी, कमान मात्र गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील मापाने द्यावी.

तुमचे बुश दीड वर्षात का फाटले, हे मला माझ्याच गाडीवरून कळले आहे. मी पहिल्यांदा काम केले, तेव्हा गाडी घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) उचललेली असतानाच शॅकलचे नट पूर्ण आवळून टाकले. सात महिन्यांत चारही बुश फाटले. त्या स्थितीत ॲक्सल (मागची चाके जोडणारा आस) खाली लोंबत असतो आणि रबर त्याच कोनात पकडले जाते. गाडी जमिनीवर आली की रबराला जन्मभर पीळ पडलेला राहतो. म्हणून डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट आधी सैल ठेवावेत, चाके जमिनीवर टेकवावीत, मागच्या भागावर भार देऊन गाडी चारसहा वेळा दाबून सोडावी आणि मगच अखेरचे आवळावेत. या रबराला साधे ग्रीस कधीही लावू नये, कारण ते तेलाने फुगते. साबणाचे पाणी पुरते.

बॉडी घोड्यांवर आणि ॲक्सल वेगळ्या जॅकवर तोलून धरा. शॉक ॲब्सॉर्बर सोडल्यावर ॲक्सल ब्रेकच्या रबरी नळीला लटकू देऊ नका. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट जुने वापरू नयेत, कारण त्यांचे आटे एकदा ताणले गेलेले असतात. बसवताना सेंटर बोल्टचे (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचे) डोके ॲक्सलच्या बैठकीतील भोकात नीट उतरले आहे की नाही, हे बोटाने चाचपून पाहा. ते न बसता यू बोल्ट आवळले, तर ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी तिरकी पळते.

प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

दोघांचेही मनापासून आभार. कल मागचाच निघाला. उजव्या हँगरजवळ स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला, त्यामुळे पहिला आठवडा वेल्डिंगमध्ये गेला. मागच्या शॅकलचा बोल्ट बुशाच्या नळीत इतका गंजून बसला होता, की दोन दिवस तेल सोडूनही तो हलला नाही आणि अखेर करवतीने कापावा लागला. काढलेल्या उजव्या सेंटर बोल्टला मधोमध चीर गेलेली आढळली.

दोन्ही बाजूंना नवे पाटे, बुश आणि यू बोल्ट घातले आहेत, जादा पाटा घातलेला नाही. आता दोन्हीकडच्या उंचीत चार मिलिमीटरचा फरक आहे. तीनशे किलोमीटर चालवून यू बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा आठांपैकी तीन नट पाव फेरा फिरले.