पुराच्या सुट्टीत घरातच शाळा, कागदाचं काय काय करता येईल?

विश्रामबागची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागला. चार दिवस पावसाला खळ नाही, वरून कोयनेचं पाणी येतंय, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं हा प्रश्न घरात दर तासाला कुणीतरी विचारतंच. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्या बालवाडीतल्या धाकट्यालाही पाठ आहे. आमच्या गल्लीत २०१९ लाही पाणी शिरलं नव्हतं, तेव्हा काळजीचं काही नाही. पण शाळेला सुट्टी आहे आणि दोन्ही पोरं घरात आहेत. लेक दुसरीत. जूनमध्ये शाळेत जाताना रडायची, आता सुट्टी मिळाली तर दिवसभर ‘शाळा-शाळा’ खेळते. धाकटा विद्यार्थी, मी शिपाई.

म्हटलं याच खेळासाठी कागदाच्या वस्तू करू. काल एक व्हिडिओ बघून कागदी दप्तर करायला बसलो. त्यात पाच मिनिटांत होतं. आम्हाला अडीच तास लागले. त्यांच्याकडे फोम शीट, ग्लिटर पेपर आणि ग्लू गन. आमच्याकडे रद्दीचा पेपर आणि फेविकॉल. लावलं की कागदाचा पापड होतोय, पट्टा निघून येतोय, धाकट्याने भोकाड पसरलं. शेवटी नवरा बसला आणि साडेदहापर्यंत एकट्यानेच त्याने ते पूर्ण केलं. पोरं कधीच झोपली होती. सकाळी लेकीने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, “हे बाबांचं दप्तर आहे,” आणि ठेवून दिलं. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

तर मुलांना स्वतःला करता येईल असं सांगा. घरात आहे ते असं: जुन्या कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिकांचा गठ्ठा (सासूबाई एकही टाकू देत नाहीत), ऑफिसातले एका बाजूने छापलेले ए-फोर कागद, एक बरी कात्री. बाजारात जायचा विषयच नाही.

लालडबा_सातारा

ताई, टूथपेस्टच्या खोक्याची एसटी करा. स्कूल बस काय, सगळेच करतात. मी रहिमतपूरहून साताऱ्याला शाळेला एसटीनेच जायचो, माझी अर्धी शाळा लाल डब्यातच झाली.

एक युक्ती सांगतो. खोक्याची चिकटवलेली उभी कड हळूच सोडवा, खोकं आतबाहेर उलटं करा आणि त्याच कडेवर परत चिकटवा. छापील बाजू आत जाते, कोरी बाजू वर येते. रंगीत कागद गुंडाळायची भानगडच नाही, थेट तेलखडूने लाल. खिडक्या कापायच्या नाहीत, काढायच्या. चाकं बाटलीच्या झाकणांची. समोर पाटी मात्र पोरांच्याच अक्षरात, ‘सांगली - सातारा, कराड मार्गे’. माझ्या पुतण्याने ‘मार्गे’चं ‘मारगे’ केलंय, तशीच गाडी धावतेय.

आणि कंडक्टरच्या तिकिटांचा गठ्ठा करायला विसरू नका. पोरं बस विसरतात, तिकिटं फाडत बसतात.

निवृत्त_बाई

अगं, पहिल्यांदा ते फेविकॉल फडताळात वर ठेवून दे. तुझं काल बिघडलं ते त्याच्यामुळे, पोरांमुळे नाही. फेविकॉलमध्ये पाणी असतं. वर्तमानपत्राचा कागद पातळ, तो पाणी पितो, त्याचे तंतू फुगतात, आणि ज्या ठिकाणी लावलंय तेवढीच जागा वाढते. बाजूची वाढत नाही. मग सुरकुती पडणार नाही तर काय? त्यात ही हवा. कागद आधीच मऊ पडलेला.

मी जावळी तालुक्यात दोन शिक्षकी शाळेत बरीच वर्षं काढली. तिथे जून ते सप्टेंबर खडूसुद्धा ओला. साहित्य म्हणशील तर शाळेचे जुने तक्ते आणि पोरांच्या संपलेल्या वह्या. तिथे एक शिस्त बसली, ती अजून सुटली नाही. आधी घडी, मग कात्री, चिकटवणं अगदी शेवटी, आणि जमलं तर नाहीच. घडी चुकली तर उलगडता येते. फेविकॉल चुकलं की रडारड.

लेक ‘शाळा’ खेळते ना? मग तिला दप्तर नको, हजेरीपट दे. ऑफिसचा एक ए-फोर कागद घे. लांबीत अर्धा मोड (आखूड कडा एकमेकींवर), त्याच दिशेने परत अर्धा, मग दुसऱ्या बाजूने अर्धा. प्रत्येक घडीवर नखाने नाही, चमच्याच्या पाठीने दाबायला लाव. उलगडलास की आठ घरं दिसतील. आता कागद लांबीत एकदाच अर्धा मोड, म्हणजे आखूड कडा एकमेकींवर आल्या. घडीची बाजू तिच्याकडे. त्या घडीपासून मधल्या रेघेवर कात्री चालवायची ती पुढची आडवी घडी लागेपर्यंत. तिथे थांबायचं! सगळी पोरं इथेच चुकतात, कात्री चालू लागली की थांबवत नाही. म्हणून थांबायच्या जागी आधीच पेन्सिलने जाड ठिपका दे, मी त्याला ‘सिग्नल’ म्हणायची.

उलगड. मधोमध दोन घरांएवढी चीर दिसेल. आता लांब कडा एकमेकींवर येतील असा मोड, छापलेली बाजू आत, कोरी बाहेर. दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे ढकल. चीर उघडते, मधे आधी खिडकी होते, मग अधिकच्या चिन्हासारखी चार पाकळ्यांची फुली. पाकळ्या एकाच दिशेने गुंडाळून मिटल्या की आठ पानांची वही तयार. टाके नाहीत, डिंक नाही. पान साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचं, धाकट्याच्या मुठीत मावेल एवढं. आणि गंमत म्हणजे कागदाची एकच बाजू दिसते, ऑफिसचं छापलेलं सगळं आत लपतं. कोरा कागद वाया घालवायची गरजच नाही.

ही वही मी दर वर्षी ७ नोव्हेंबरच्या आसपास करून घ्यायची. १९०० साली त्या तारखेला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्यातल्या शाळेत दाखल झालं, तो दिवस आपल्याकडे विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भाषण कोणाला ऐकायचं नसतं, पण “पटावर नाव चढणं म्हणजे काय असतं” हे स्वतःचा पट केल्यावर पोरं बरोबर विचारतात. एकीने पटात पहिलं नाव तिच्या आईचं लिहिलं होतं. आई शाळेत गेली नव्हती.

पुस्तकात घालायची खूणही सोपी. चौकोनी कागद तिरपा मोडून त्रिकोण, खालची दोन टोकं वरच्या टोकाला नेऊन परत सोडायची, वरच्या टोकाचा एकच थर खाली पायापर्यंत मोडायचा, आणि ती दोन टोकं झालेल्या खिशात खोचायची. पानाच्या कोपऱ्यावर टोपीसारखी बसते. डोळे-दात काढले की पुस्तकाला उंदीर. ए-फोरचा चौकोन कापून उरलेली पट्टी टाकू नको, साधारण पावणेनऊ सेंटिमीटर रुंद असते, त्यावर वेळापत्रक होतं.

मोठं काही हवं असेल तर उघडली की उभी राहणारी शाळा. त्याला तुझ्या सासूबाईंच्या पत्रिका घे. आत कोरा कागद लावून घे. नाहीतर ए-फोरचं कॅलेंडरचं जाड पान मधे दुमड, प्रत्येक बाजू पंधरा सेंटिमीटरला जराशी कमी येते. घडीच्या बाजूने चार-चार सेंटिमीटरचे दोन समान काप, मधे पाचेक सेंटिमीटर अंतर. उघडून ती मधली पट्टी आत ढकल आणि मिटून दाब. आता उघडलं की पायरीसारखा ठोकळा पुढे येतो. शाळेचं चित्र त्या ठोकळ्याच्या तोंडावर, खाली टेकवून, चिकटवायचं. इथे मात्र डिंक लागतो, पण बोटाच्या पेरावर मावेल इतकाच.

चित्र किती उंच? हे मी दोन वर्षं चुकत होते. कार्ड मिटलं की शाळेचं छप्पर बाहेर यायचं. मग एकदा पट्टी घेऊन बसले तेव्हा कळलं. कापाची लांबी आणि चित्राची उंची मिळून पानापेक्षा कमी हवी. चारचा काप असेल तर चित्र दहाच्या वर नेऊ नको.

आणि छप्पर वाकडं आलं तर येऊ दे. एकदा साहेबांची भेट होती म्हणून आदल्या संध्याकाळी मी तिसरीच्या पोरांची सगळी कामं ‘जराशी’ सरळ केली होती. सकाळी एक पोरगा भिंतीपुढे उभा राहून आपलं कुठलं ते शोधत होता. शेवटी नावावरून सापडलं. तुझ्या नवऱ्याला सांग, तो एकटा नाही.

मिरजेचा_बाइंडर

बाईंचं बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. कागदाला ग्रेन असतो. कारखान्यात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने तंतू लागतात. पेपर फाडून बघा, एका बाजूने पट्टी सरळ निघते, दुसऱ्या बाजूने वेडीवाकडी. सरळ फाटते ती ग्रेन. पातळ कागदाला काही फरक पडत नाही, पण लग्नपत्रिका किंवा कॅलेंडरचा कागद ग्रेनच्या आडवा मोडला की घडीवर फुटतो, वरचा गुळगुळीत थर सुटून पांढरं दिसतं. जाड कागद मोडायच्या आधी दोन्ही दिशांनी हलकासा वाकवून बघा. कमी जोर लागतो त्या बाजूने घडी घ्या. आडवीच हवी असेल तर संपलेल्या रिफिलने पट्टी धरून आधी रेघ ओढा, मग मोडा. आम्ही मशीनवर क्रीझिंग करतो ते हेच.

बाईंच्या वहीला कॅलेंडरचं पान घेऊ नका. तीन घड्या झाल्या की मधल्या घडीला दगड होतो. ऑफिसचा नेहमीचा ८० जीएसएमचा कागद बेस्ट.

फेविकॉल संपलं तर खळ शिजवा. एक चमचा मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून, मग अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत हलवत राहा. गार झाल्यावर वापरा. या हवेत दोन दिवसांत आंबते, तेव्हा थोडीच करा. दुकानात आम्ही टिकायला मोरचूद टाकतो, पण ते विष आहे. कोणी सांगितलं तरी पोरांच्या खळीत घालू नका. चिकटवलं की वर दळणाचा डबा ठेवा, रात्रभर. उचलून बघायचं नाही.

कराडकर_बाबा

बाई, माझी मुलगी चार वर्षांची आहे. कात्री हातात द्यायला भीती वाटते. तिला यातलं काय देऊ?

निवृत्त_बाई

फाडायला द्या. खरंच. बाइंडर भाऊंनी सांगितलं तसं पेपर सरळ फाटतो त्या बाजूने पट्ट्या फाडू देत. दोन्ही हातांच्या चिमट्या जवळ धरून हळूहळू फाडणं हेच त्या वयाचं काम आहे, त्याने बोटं तयार होतात. पट्ट्या मोजा, लांब-आखूड लावा, त्याच शाळेच्या भिंतीच्या विटा. चिकटवायला खळ आणि तर्जनी. कात्री साडेचार-पाचला, गोल टोकाची, आणि तीही बसून. चालता चालता कधीच नाही.

विश्रामबागची_आई

सगळ्यांचे आभार. बाई, तुम्ही ‘सिग्नल’ सांगितलात तरी पहिल्या दोन वह्या आरपार कापल्या गेल्याच. तिसरीला लेकीने स्वतःच ठिपक्याऐवजी लाल दिवा काढला आणि तिथे कात्री थांबवली. मिटून फुली झाली तेव्हा ती आणि मी दोघी ओरडलो. नंतर तिने अकरा वह्या केल्या. माझं काम फक्त चमचा पुरवणं.

धाकट्याने पट्ट्या फाडल्या, अर्ध्या खोलीभर. विटा कमी, कचरा जास्त. पण दुपारी तो पाऊण तास एका जागी बसला होता, हे मी इथे नोंदवून ठेवते.

उभी राहणारी शाळा फसली. पत्रिका ग्रेनच्या आडवी मोडली गेली आणि गणपतीच्या मधोमध पांढरी रेघ आली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त उरलेला गठ्ठा कपाटात गेला. उद्या कॅलेंडरवर करू, रिफिल शोधून ठेवलीय. एसटी मात्र झाली. तिकीट पाच रुपये आहे आणि मला सुटे मागितले जातात.

संध्याकाळी हजेरी झाली. पटावर नऊ नावं आहेत. आम्ही पाच जण, खालच्या मजल्यावरची दोन मुलं, एक बाहुली आणि गल्लीतला कुत्रा. बाबांना ‘उशिरा’ असा शेरा मिळाला. आजोबा गॅलरीत मोबाइलवर पुलाची पातळी बघत होते, दोनदा नाव पुकारलं तरी ओ दिली नाही म्हणून गैरहजर. ते म्हणाले, “अगं, उतरतंय पाणी, ३८ झालं.” तिने वर बघितलंही नाही. म्हणाली, “उद्या पालकांना घेऊन या.”