विषय: शेजारच्या घरातली मारझोड – पुन्हा कळवावं का?

प्रेषक: लिस्ट संचालक

नमस्कार मंडळी,
खालची मेल एका सभासद ताईंची आहे. नाव आणि टाउनशिप काढून पाठवतोय. कुणाचा अंदाज आला तरी लिस्टवर लिहू नका. न्यू जर्सीतले निम्मे मराठी या लिस्टवर आहेत, तो मारणारा गृहस्थही असू शकतो.

"आमच्या अपार्टमेंटमध्ये दोन घरांच्या मध्ये नुसतं ड्रायवॉल आहे. पलीकडे आपल्याकडचंच जोडपं, मुलगा चार वर्षांचा. तो आयटीत, ती एच-फोरवर, म्हणजे त्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आधारलेल्या बायकोच्या व्हिसावर. मराठी बोलते, विदर्भातली असावी. शनिवार-रविवार आला की त्याचा आवाज चढतो. गेल्या महिन्यात भिंतीवर काहीतरी इतक्या जोरात आदळलं की आमच्याकडची गणपतीची फ्रेम खाली आली. मग तिचं ओरडणं. मी ९११ ला फोन केला. पहिल्यांदाच नव्हे, आधीही केलाय. पोलिस आले. जिन्यात सगळं ऐकू येत होतं: बोलत होता फक्त तो. शेवटी ती म्हणाली, 'नो प्रॉब्लेम, सर.' ते गेले. आता लॉन्ड्रीत भेटली की मान फिरवते. आमचे हे म्हणतात, बास झालं, तिलाच नको असेल तर आपण कोण? शिवाय त्याची भिंत फक्त आमच्याशी लागून, फोन कुणी केला हे न कळायला तो काय दूधखुळा आहे? काल परत आवाज आले. कळवत राहू का? की माझ्यामुळे तिला जास्त मार बसतोय?"

प्रेषक: विनायक

ताई, तुमची तळमळ समजते. पण पोलिस ही ब्याद एकदा मागे लागली की सुटत नाही. त्याच्यावर गुन्हा शाबित झाला तर डिपोर्ट होऊ शकतो, आणि एच-वन गेला की तिचा एच-फोरही गेला. पोराची शाळा, सगळंच संपलं. मंडळात आम्ही जुने लोक कशासाठी आहोत? दोघांना चहाला बोलावू. मी स्वतः बोलतो त्याच्याशी. आपला मुलगा आहे, ऐकेल.

प्रेषक: सायली

विनायककाका, राग मानू नका, पण तो चहा अजिबात नको. तुम्ही त्याला समजवायला बसलात की त्याचा एकच अर्थ होतो: बायको बाहेर बोलली. ती चकार शब्द बोललेली नसली तरी. तुमच्यासमोर तो 'हो काका, चुकलंच' म्हणेल, आणि घरी गेल्यावर वसुली तिच्याकडून होईल. मी हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून बसते. मारणारा आणि मार खाणारी यांना एकत्र बसवून तडजोड घडवायची नाही, हे आम्हाला आधी शिकवतात.

ताई, मारल्याचा आवाज येत असेल तर ९११. त्यात दुसरा विचार नको. फक्त फोनवर काय सांगायचं ते ठरवून ठेवा. कानावर पडलं तेवढंच सांगा: आपटल्याचा आवाज, बाई ओरडतेय, घरात लहान मूल आहे. मग हे आवर्जून सांगा की तिला इंग्रजी नीट येत नाही, नवऱ्याला दुभाषा करू नका, तिला बाजूला घेऊन बोला, फोनवर मराठी किंवा हिंदी दुभाषा द्या. 'नो प्रॉब्लेम, सर' नवऱ्याच्या देखत म्हटलं गेलं, त्याला मी उत्तर धरत नाही. माझं नाव सांगू नका, माझ्या दाराशी येऊ नका, हेही मागता येतं.

पोलिस येऊन परत गेले म्हणजे फोन फुकट गेला असं नाही. १९९१ च्या न्यू जर्सीच्या कायद्यात अशा प्रत्येक कॉलचा रिपोर्ट भरणं त्यांना बंधनकारक आहे. उद्या ती रिस्ट्रेनिंग ऑर्डर (त्याने जवळ येऊ नये असा कोर्टाचा हुकूम) मागायला गेली तर जज आधीचा इतिहास बघतात. ती ऑर्डर मागायला व्हिसा लागत नाही. अंगावर मारहाणीच्या खुणा दिसल्या तर मात्र पोलिसांना अटक करावीच लागते, तिची इच्छा असो वा नसो. काकांची भीती तिथे अगदीच खोटी नाही. पण अटक म्हणजे शिक्षा नव्हे. नवरा सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला असता तर तिला ग्रीनकार्डसाठी स्वतःचा अर्ज करता आला असता, एच-वनवाल्याच्या बायकोला तो रस्ता नाही. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा यू व्हिसा आहे, वर्षाला १०,००० च देतात, रांग काही वर्षांची, आणि त्याला पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. म्हणजे तिथेही पोलिसांकडची नोंदच कामी येते. हे सगळं तिला वकिलाने सांगायचं, तुम्ही नाही.

पोलिस जाताना तिच्या हातात हक्कांचा कागद देतात. तो इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये! विदर्भातल्या मुलीने त्याचं काय करायचं, आणि घरात तो लपवायचा कुठे?

म्हणून लॉन्ड्री सोडू नका. तो नसतो अशी ती एकच जागा दिसते. पोलिसांचा विषय काढायचा नाही, 'तू सोडत का नाहीस' तर मुळीच विचारायचं नाही. 'कुठे फोन करायचा असेल तर माझ्या फोनवरून कर' एवढंच. फॅमिली प्लॅनच्या बिलात नंबर दिसतात आणि बिल तो बघत असणार. मानवी ही संस्था १९८५ पासून इथेच, न्यू जर्सीत, आपल्याकडच्या बायकांसाठी काम करते. राज्याची हेल्पलाइन १-८००-५७२-७२३३, देशाची १-८००-७९९-७२३३. शेजारीण म्हणून तुम्हीही फोन करून सल्ला घेऊ शकता.

प्रेषक: मेधा

फक्त मुलाबद्दल. मी शाळेत शिकवते. बऱ्याच राज्यांत मुलांवरच्या अत्याचाराची खबर देणं शिक्षक, डॉक्टर अशांनाच सक्तीचं असतं. न्यू जर्सीत ते प्रत्येकाला आहे. मुलाला मारतोय असा सबळ संशय आला तर 'कळवू का' हा प्रश्नच उरत नाही, राज्याची बालअत्याचाराची हेल्पलाइन: १-८७७-६५२-२८७३. अजून तसं काही नसेल तर उगाच तिकडे धावू नका. मूल काढून घेतील ही धमकी हाच नवरा तिला रोज देत असेल.

प्रेषक: (नाव राखून, संचालकांमार्फत)

मी भिंतीच्या पलीकडची होते. दुसऱ्या राज्यात, बऱ्याच वर्षांपूर्वी. मीही दारात उभी राहून सगळं ठीक आहे म्हणाले, आणि दार लागल्यावर शेजारणीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्या रात्री त्याने हात उचलला नाही, पोलिसांची धास्ती होती. पुढच्या आठवड्यात भरपाई झाली. ताई विचारतात त्याचं उत्तर म्हणून सांगते: हो, असं होतं. तरी फोन करा. फोन नव्हता तेव्हाही मार होताच. तिने मान फिरवली ते मनावर घेऊ नका, तुमच्याशी हसून बोलली तर तो तिला विचारणार. माझ्या शेजारणीने मला एकदाच म्हटलं, 'तुझे कागद माझ्याकडे ठेव हवे तर.' मी पुष्कळ दिवसांनी पासपोर्ट आणि आय-९४ या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची कॉपी तिच्याकडे दिली, पिठाच्या डब्यातून. निघताना तेवढंच हातात होतं. मुलाची कार सीट त्याच्या गाडीत, त्यामुळे टॅक्सीही घेता येईना.

प्रेषक: संचालक (ताईंच्या वतीने)

"सर्वांची आभारी आहे. ह्यांना मेल्स वाचायला दिल्या. आता ठरलंय: आवाज आला की फोन करायचा, आणि बोलायचं ह्यांनी, कारण माझा आवाज तो ओळखतो. दुभाष्याचं वाक्य लिहून फ्रिजला लावलं होतं, मग कुणी बघेल म्हणून काढून ह्यांच्या पाकिटात ठेवलं. हेल्पलाइनला उद्या मी स्वतः विचारते."

प्रेषक: विनायक

चहा रद्द. घर मोडण्याआधी माणसांनी एकदा बोलावं हे माझं मत आहे तसंच आहे, सायली, त्यावर आपण गणपतीत भांडू. पण नातवाची कार सीट माझ्या गॅरेजमध्ये पडून आहे, एक्सपायरी तारीख तपासली, अजून चालते. ताईंना माझा नंबर द्या. मला रात्री झोप नसतेच, कधीही गाडी काढीन. कुणाला, कशासाठी, हे विचारणार नाही.