६१७४ ही कापरेकर संख्या नव्हे

‘६१७४ ही सर्वांत प्रसिद्ध कापरेकर संख्या’ असे एका प्रतिसादात म्हटले आहे, तेथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते, म्हणून तिला देवळालीचे गणितप्रेमी शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या नावाने कापरेकर स्थिरांक म्हणतात. कापरेकर संख्येची कसोटी मात्र वर्गाची आहे, वर्गाचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज केली की मूळ संख्या यावी लागते: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६ येतो आणि ३८११ + ८२७६ = १२०८७, म्हणजे ती या कसोटीला उतरत नाही. (२२२३ उतरते, तिचा वर्ग ४९४१७२९, आणि ४९४ मध्ये मिळवायची संख्या नेमकी गणितज्ञ रामानुजनांच्या टॅक्सीच्या किश्श्यातली १७२९!)

वजाबाकीचा खेळ सोडला तर ६१७४ मध्ये विशेष काही नाही, हे मतही मला पटत नाही. तिच्या अंकांची बेरीज १८ असून १८ ने तिला निःशेष भाग जातो, त्यामुळे कापरेकरांनीच नाव दिलेल्या ‘हर्षद’ संख्यांत ती बसते. भागाकार येतो ३४३, म्हणजे ७ चा घन; आणि ३४३ हे १८² + १८ + १ इतके असल्यामुळे ६१७४ = १८³ + १८² + १८ अशी मांडणी आपोआप मिळते.