विमान कंपन्या कशानं बंद पडतात: कमी पगार की वैमानिकांची टंचाई?

खानापूरकर: बेळगावच्या सांबरा विमानतळाहून उडान योजनेतले (छोट्या शहरांसाठीच्या सरकारी अनुदानाच्या विमानसेवेचे) मार्ग सुरू होतात, काही बंदही पडतात. मूळ दुखणं कमी पगाराचं की वैमानिक मिळत नाहीत याचं?

निपाणीकर: आधी रोकड आटते. इंधन रोज भरावं लागतं, भाड्यानं घेतलेल्या विमानांचं भाडं डॉलरमध्ये द्यावं लागतं. किंगफिशर 2012 मध्ये, जेट 2019 मध्ये थांबली; दोन्हीकडे पगार थकले ते कंपनी कर्जात रुतल्यावर. गो फर्स्टनं 2023 मध्ये इंजिनांकडे बोट दाखवलं.

हुक्केरीवाला: टंचाईनं फेऱ्या रद्द होतात, कंपनी सहसा मरत नाही. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोचं तेच झालं. नव्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, माणसं पुरली नाहीत. आणि वैमानिक ऐनवेळी आणता येत नाही हो! एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाच्या वैमानिकाला एअरबसच्या मोठ्या जेटसाठी वेगळं प्रशिक्षण लागतं.

निपाणीकर: मान्य. पण पगार थकला की चांगले वैमानिक आधी जातात, फेऱ्या घटतात, विमानांचं भाडं थकतं, त्यांचा मालक ती काढून घेतो. सांबऱ्यापुरतं विचाराल तर उडानचं अनुदान 3 वर्षांचं असतं. ते संपल्यावर सीटा भरतात का, तेवढं बघा.