न विकलेली रोपं त्याच पिशवीत ठेवावीत का?
एकांनी सुचवलंय की नर्सरीत न विकलेली रोपं पुढच्या हंगामापर्यंत त्याच पिशवीत राहू द्यावीत, उंची वाढली की भाव चांगला मिळतो. झुडपांचं एकवेळ चालेल; जास्वंद, बोगनवेल छाटून पुन्हा भरगच्च करता येतात. पण गुलमोहर, बहावा अशा झाडांची मुळं पिशवीच्या तळाशी गोल फिरू लागतात आणि जमिनीत लावल्यावरही तशीच जाड होत जातात. असं झाड पुढे जोराच्या वाऱ्यात आडवं होऊ शकतं, आणि गिऱ्हाईक नर्सरीचं नाव विसरलेलं नसतं! म्हणून अशा रोपांची पिशवी बदला. बदलताना मुळांच्या गोळ्याला कडेने तीन-चार उभे छेद द्या, तळाची गुंडाळी सरळ कापून टाका. मात्र एकदम फार मोठी पिशवी नको. जादा माती ओली राहून मुळं कुजतात. एकेक माप वाढवत न्या.