बंदी घाला म्हणणं सोपंय, पण...

एका भाऊंनी लिहिलंय की बाहेरून येणाऱ्यांना, मजूर असोत की निर्वासित, सरळ बंदी घाला, ते आपल्या पोटावर पाय देतात. भाऊ, खान्देशातल्या माणसाने हे म्हणावं? सुरतेला उधना-लिंबायतकडे जाऊन या, गल्लीगल्लीत अहिराणी ऐकू येते, तिथे आपणच बाहेरचे ना! दिवाळी झाली की नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, पोरांची शाळा सुटते, मुकादमाची उचल फिटेपर्यंत परत यायची सोय नाही. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी 1979 साली कायदा झाला, पण नोंदच होत नाही तर हक्क मागणार कुणाकडे.

आणि घर सोडावं लागणं आपल्याला नवं नाही. त्याच वर्षी नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाने धरणग्रस्तांबाबत सांगितलं होतं, आधी जमीन द्या मग गाव बुडवा. सरदार सरोवरात बुडालेल्या मणिबेली गावाचं काय झालं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

निर्वासितांचं म्हणाल तर भारताने 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि वेगळा निर्वासित कायदाही नाही, म्हणून तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, सगळं त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर. मला तरी हेच खटकतं. चौकशी करा, कागद तपासा, त्याला ना नाही, पण नियम सगळ्यांना एकच हवा, आसरा नाकारला तर कारण लेखी द्या आणि अपील करू द्या, आणि जिथे जिवाला धोका आहे तिथे परत ढकलू नका. बाकी रोजगाराचा राग काढायचाच तर कमी मजुरीत राबवणाऱ्या ठेकेदारावर काढा की.