मदत हवी आहे: फोटोंना टोनिंग केलं की पांढरं पिवळं पडतं आणि निळं मरतं

नमस्कार मंडळी. फोंड्याला मामाच्या घरी नवी ओसरी झालीय. तिथल्या भिंतीवर चतुर्थीच्या आधी गोव्याचे बारा फोटो लागायला हवेत आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. फोटो आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पणजीतल्या फोंतेन्हासची निळी नि गेरूच्या रंगाची घरं एप्रिलच्या भर दुपारची, दिवाडीची फेरीबोट श्रावणातल्या ढगाळ सकाळची, मंगेशीची पांढरी दीपमाळ कोवळ्या उन्हातली. बाराही एका घरातले वाटावेत म्हणून कलर टोनिंगच्या, म्हणजे सगळ्यांवर एकसारखी छटा चढवण्याच्या, मागे लागलेय.

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं कलर ग्रेडिंग वापरते, म्हणजे २०२० पर्यंत ज्याला स्प्लिट टोनिंग म्हणायचे ते. सावल्यांत निळा, ह्यू (रंगाचा आकडा) २१५, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) २०. उजेडात पिवळा, ह्यू ४५, सॅच्युरेशन २५. पावसाळी फोटोंना हे काय शोभतं! भिजलेला चिरा आणि त्यावरचं शेवाळ, दोन्ही खुलतात. दीपमाळ मात्र कावीळ झाल्यासारखी दिसते आणि फोंतेन्हासची निळी भिंत राखाडी होते.

सेपियाचा, म्हणजे सगळं तपकिरी करण्याचा, सल्ला कृपया नको. काकांच्या डार्करूममध्ये सेपिया केला की चांदीचं सल्फाइड व्हायचं, पण तिथे कागदावर मुळात रंगच नसायचे. मला घरांचे रंग ठेवून वर छटा चढवायचीय. रंग गेले तर ते फोंतेन्हास कसलं?

प्रत्येक फोटोत मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, पांढरं वेगळं काढत बसू, की दुसरी वाट आहे?

प्रतिसाद १

ताई, उजेडातला पिवळा आधी काढा. पिवळा निळ्याचा वैरी. फिक्या निळ्या भिंतीवर पडला की दोघं एकमेकांना खातात आणि उरतो राखाडी. त्यापेक्षा टोन कर्व्हमध्ये, म्हणजे काळोख-उजेडाच्या आलेखात, ब्लू चॅनल (फक्त निळ्याची रेघ) घ्या. डावीकडचं खालचं टोक जरासं उचला, मधे एक बिंदू रोवा, वरच्या टोकाला हात लावू नका. काळोखात निळसर येतं, चुना पांढराच राहतो. ग्रेडिंग सोडायचं नसेल तर त्यातला बॅलन्स (सावली आणि उजेडाच्या छटांची वाटणी) उणे बाजूला न्या, पिवळ्याची हद्द आकसते.

आणि रात्री स्क्रीन पिवळसर करणारा नाइट लाइट बंद आहे ना? मी एकदा अख्खं लग्न तसंच एडिट केलं होतं. प्रिंट आल्या तेव्हा वऱ्हाड निळं!

धागाकर्ती

अय्यो, चालूच होता! पोरं झोपल्यावर अकराला बसते ना. तो बंद केला तर दीपमाळ तिथेच अर्धी बरी झाली, उरलेली कर्व्हने. भिंतही परत निळी झाली. आता अडलंय फेरीबोटीपाशी: मांडवीचं पाणी शाई ओतल्यासारखं दिसतंय. तो मधला बिंदू नेमका कुठे रोवायचा?